बाळंतिणीचं वजन आणि आपली गृहभेट : नागपुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

समाजकार्य किंवा गृहविज्ञान शिकताना फील्डवर्कसाठी वस्तीत पाठवलेल्या मुली, नुकत्याच लागलेल्या आशाताई, आणि महिला आरोग्य समितीत नाव तर घातलं गेलंय पण पुढे काय करायचं ते कोणी सांगितलेलं नाही अशा बायका, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पूर्व नागपुरातल्या वस्त्यांमधून मी हे काम बरीच वर्षं केलं. प्रशिक्षणात आम्हाला वजनकाटा मिळाला, बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन जोखण्याचं, सूत्र मिळालं, आहाराचा रंगीत तक्ता मिळाला. घरात शिरल्यावर तो तक्ता कोणासमोर उघडायचा, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. सुनेसमोर उघडला तर काही होत नाही, कारण पळी तिच्या हातात नसते.

आधी एक गैरसमज काढून टाका. ‘निरोगी वजन’ म्हणजे वजन कमी करणं एवढंच नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के बायका प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. वस्तीत ही दोन्ही टोकं एकाच गल्लीत दिसतात. एका घरी बाळंतपणानंतर अंग सुटलेली सून असते, दोन दारं सोडून ४० किलोची, अंगावर पाजणारी मुलगी असते. दोघींना एकच सल्ला दिलात तर एकीचं तरी नुकसान ठरलेलं.

आणि ही भेट काही परदेशी फॅड नाही. बाळंतिणीच्या आणि नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचा रस्ता आपल्याच विदर्भातून देशभर गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून हे काम उभं केलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे आशाताईंच्या सरकारी गृहभेटींना त्याचाच आधार मिळाला. आईच्या वजनाचा धागा अमेरिकेत जास्त ओढला गेला. मिझुरी राज्यात सुरू झालेला ‘पॅरेंट्स ॲज टीचर्स’ हा लहान मुलांच्या घरी भेटी देणारा कार्यक्रम आधीपासून चालू होता. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी वजनासाठी वेगळी फौज उभी केली नाही. त्याच भेटींत आईच्या खाण्यापिण्याचा आणि हालचालीचा भाग बसवला. आपणही तेच करायचं आहे. नवा कार्यक्रम काढायचा नाही, चालू भेटीत जागा शोधायची.

१. आशाताईला आधी भेटा, मग वस्तीत शिरा

अनोळखी बाई पिशवी घेऊन गल्लीत आली की लोक दोनच गोष्टी समजतात: मायक्रोफायनान्सची वसुली किंवा कसला तरी सर्व्हे. दोन्हींसाठी दार उघडत नाही. म्हणून आधी त्या भागातलं महापालिकेचं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र शोधा. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना संस्थेचं किंवा कॉलेजचं पत्र द्या आणि एएनएम सिस्टरकडून त्या वस्तीच्या आशाताईचा नंबर घ्या. स्तनदा मातांची यादी अंगणवाडीताईकडेही असते. दोन्ही याद्या जुळवून पाहा. भाड्याने राहणाऱ्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुली यातल्या एखाद्याच यादीत सापडतात.

पहिली भेट आशाताईसोबतच करा. तिचं वेळापत्रक पाठ करा, कारण तुमचं वेळापत्रक त्यावरच बसणार आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही भेट असते. त्यानंतर बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं होतं तेव्हा. या भेटी मुख्यतः बाळासाठी आहेत. पण आई समोरच बसलेली असते.

वेळेचं सांगते. सकाळी नळाची वेळ टाळा. त्या वेळात घरात कोणी कोणाचं ऐकत नाही. हिवाळ्यात दुपारी १२ ते ३ छान. एप्रिल-मेमध्ये ११ च्या आत काम आटपा. पारा ४५ च्या आसपास गेला की लोक कूलर लावून दार बंद करतात, आणि ते बरोबरच आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी सासू बाजारात जाते. हे गैरसोयीचं वाटेल, पण सुनेशी एकटीने बोलायचं असेल तर तोच दिवस हेरा.

२. पिशवीत काय हवं, आईकडचं काय पाहायचं

तुमच्याकडे:
- डिजिटल वजनकाटा, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि जास्तीचे सेल
- उंचीसाठी न ताणणारी मोजपट्टी आणि एक सपाट पुठ्ठा किंवा वही
- घरातली असते तशी एक वाटी आणि चहाचा चमचा (मापं दाखवायला)
- ओळखपत्र आणि पत्राची झेरॉक्स
- संमतीचा कागद, मराठीत आणि गरज असेल तिथे हिंदीत
- साधी वही, जिच्यात एका बाईला एक पान

आईकडे:
- माता बाल संरक्षण कार्ड, म्हणजे एमसीपी कार्ड
- दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड
- गरोदरपणातले शुगर, बीपी, थायरॉइड आणि एचबीचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची पाकिटं (नाव विचारू नका, पाकीटच पाहा)

आधार कार्ड आणि पासबुक मागू नका. मातृवंदना योजनेचा अर्ज राहिला असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताईशी गाठ घालून द्या. मुदत असते, म्हणून लवकर. तुमच्या मोबाइलमध्ये कोणाच्या कागदाचा फोटो नको.

३. पहिल्या भेटीत वजनाचं नाव काढू नका

हे वाचून अधिकारी कपाळाला हात लावतील, कारण फॉर्ममध्ये पहिलाच रकाना वजनाचा आहे. तरीही सांगते. बाळंत होऊन आठ दिवस झालेल्या बाईला काट्यावर उभं केलंत तर तिला एवढंच ऐकू येतं की आपण जाड झालो किंवा आपण वाळलो. त्या आकड्याचा उपयोगही नाही. अंगातलं पाणी अजून उतरायचं असतं. बाळ, वार आणि पाणी मिळून पाच-सहा किलो बाळंतपणातच जातात, पुढचे काही पुढच्या आठवड्यांत आपोआप उतरतात.

पहिल्या भेटीत बाळ कसं पितंय ते पाहा. आई झोपते किती ते विचारा. मग विचारा, “काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा ना.” ‘किती’ विचारू नका, ‘काय काय’ आणि ‘कधी’ विचारा. आणि स्वयंपाक कोण करतं, बाजार कोण आणतं, पैसे कोणाकडे असतात, हे बोलता बोलता काढून घ्या. निघताना ज्या व्यक्तीच्या हातात पळी आहे तिला नावाने ओळखता आलं पाहिजे. तुमचं अर्धं काम तिच्याशी आहे.

४. वजन ४२ व्या दिवसाच्या भेटीपासून, आणि नीट

काटा टणक, सपाट फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा उखणलेल्या जमिनीवर आकडा चुकतो. फरशी नसेल तर जाड फळी न्या. महिन्यातून एकदा काटा तपासा. किराणा दुकानात १० किलोचा सीलबंद आट्याचा कट्टा त्यावर ठेवून पाहा. चप्पल काढून, बाळ खाली ठेवून, शक्यतो गाऊनवर वजन घ्या. एकदा गाऊनवर आणि पुढच्या वेळी काठाच्या साडीवर घेतलंत तर फरक कपड्यांचाच निघेल. उंची एकदाच मोजायची, पण टाचा भिंतीला लावून, अंबाडा सोडायला सांगून.

आणि दार लोटून घ्या. शेजारीण डोकावते, आकडा मोठ्याने वाचते, आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीच्या तोंडी असतो.

बीएमआय काढणं सोपं आहे: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.५२ मीटर आणि वजन ६२ किलो असेल तर ६२ ला २.३१ ने भागा, उत्तर २६.८. उंची १.५५ आणि वजन ४३ असेल तर १७.९. आता लक्षात ठेवायची गोष्ट. इंटरनेटवरचे तक्ते बहुतेक २५ पर्यंत ‘नॉर्मल’ दाखवतात. भारतीयांसाठीच्या निकषांत १८.५ ते २२.९ हे निरोगी, २३ पासून जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि शुगर लवकर मागे लागते. आई १९ वर्षांच्या आतली असेल तर हे आकडे तिला लावू नका. तिचं शरीर अजून वाढीचं आहे, तिचे तक्ते वेगळे असतात आणि ते डॉक्टर पाहतील.

एमसीपी कार्डवर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या नोंदीतलं वजन शोधा. पहिल्या तीन महिन्यांतली नोंद असेल तर तेच खरं जुनं वजन. “लग्नाच्या वेळी मी ४५ ची होते” यावर लक्ष्य ठरवू नका. लग्नाच्या वेळी ती कदाचित उपाशी असायची.

५. कोणाला आहार सांगण्याआधी डॉक्टरांकडे पाठवायचं

इथे कसलाही प्रयोग नको. खाली दिलेलं काहीही दिसलं तर आधी आरोग्य केंद्र, आणि तिथून सांगतील तसं डागा, मेयो किंवा मेडिकल, ही आपली सरकारी रुग्णालयं.

- गरोदरपणात शुगर निघाली होती. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी व्हायलाच हवी. सर्वांत जास्त सुटते ती हीच तपासणी, कारण बाळ झालं की घरच्यांच्या मते आजार संपला.
- बीपी १४०/९० किंवा वर.
- एचबी १२ च्या खाली असेल तर गोळ्या चालू आहेत का पाहा. ८ च्या खाली असेल तर वाट पाहू नका.
- काही न करता वजन भराभर उतरतंय किंवा चढतंय, केस फार गळतात, छाती धडधडते किंवा सारखी मरगळ आहे. थायरॉइड तपासायला सांगा.
- बीएमआय १८.५ च्या खाली आणि जेवण जात नाही, खोकला किंवा संध्याकाळचा ताप आहे.
- दोन आठवड्यांहून जास्त रडू, झोप उडणं, बाळाकडे लक्ष नसणं. अशा बाईला वजनावर एक अक्षर बोलू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या, आशाताईला सांगा.

एका पायाला सूज आणि दुखणं, धाप, जोराचा रक्तस्राव किंवा फिट, यात भेट तिथेच थांबते आणि १०८ ला फोन जातो.

मुलगी १८ च्या आतली निघाली तर गप्प बसू नका आणि गल्लीत चर्चाही करू नका. कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. ते वैद्यकीय अधिकारी आणि तुमच्या पर्यवेक्षिकेसोबत करा. तिचं खाणंपिणं, गोळ्या आणि बाळ यांच्या भेटी मात्र बंद पडू देऊ नका.

६. लाडवाचा डबा

आता खरं काम. बाळंतिणीच्या घरी स्टीलचा उभा डबा असतो, त्यात डिंकाचे किंवा मेथीचे लाडू असतात, आणि त्या डब्याची मालकीण सासू किंवा आई असते. पारडीकडच्या एका घरात मी विचारलं, “मावशी, दिवसाला किती देता?”

“सकाळी दोन, चार वाजता एक, आन् रात्री दुधासंगं एक. दूध कुठून येईन नाहीतर पोरीले?”

बरोबर प्रश्न आहे. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, असं आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था, सांगते. तूप, गूळ, खोबरं, डिंक घातलेल्या मध्यम लाडवात साधारण २०० कॅलरी धरा. चार लाडवांचे ८०० झाले. त्यावर सकाळचा शिरा, भातावर तुपाची धार, बदामाचं दूध. आणि सून खाटेवर, कारण सव्वा महिना उठायचं नाही. तिच्या अंगावर काय चढतंय ते वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे एवढं खाऊनही प्रथिनं कमीच पडतात, कारण ताटात डाळ पातळ, अंडं बंद, आणि पालेभाजी ‘बाळाचं पोट दुखेल’ म्हणून वर्ज्य.

लाडू बंद करा म्हणालात की तुमचं त्या घरातलं येणं बंद होईल. आम्ही मावशींशी ठरवलं ते असं: डबा तोच, पुढचा घाणा वळताना लाडू लिंबाएवढा. सकाळी एक, चार वाजता एक. शिऱ्याऐवजी आठवड्यातून काही दिवस अळिवाची खीर, कमी गुळाची. रात्री लाडवाच्या जागी वाटीभर घट्ट वरण, किंवा घरात चालत असेल तर अंडं. मावशींना ते पटलं, कारण डिंक आणि खोबऱ्याचे भाव त्याच देत होत्या.

हाच डबा बारीक आईच्या घरी सोनं आहे. तिथे लाडू मोठाच वळू द्या. पण झाकण उघडून पाहा. काही घरांत पहिल्या मुलाच्या वेळी डबा भरतो आणि दुसऱ्या मुलीच्या वेळी भरतच नाही. काही घरांत लाडू असतात, पण घरातली लेकरंच ते संपवतात. अशा ठिकाणी अंगणवाडीतून मिळणारा टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, कुठे जातो तेही विचारा. सहा महिन्यांपर्यंतच्या स्तनदा मातेचा तो हक्क आहे, आणि बहुतेक वेळा तो सगळ्या घराच्या कढईत पडतो. ‘खाऊ नका’ म्हणण्यापेक्षा तिच्या वाट्याचा वेगळा डबा करून ठेवायला सांगा.

पथ्याचं थोडं. संत्र्याच्या शहरात बाळंतिणीला संत्रं वर्ज्य असतं, बाळाला सर्दी होईल म्हणून. आईने संत्रं खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही, उलट त्यातल्या क जीवनसत्त्वाने जेवणातलं लोह अंगी लागतं. हे भांडून सांगू नका. “सव्वा महिन्यानंतर देऊन तर पाहा, दुपारच्या उन्हात” एवढं म्हणा. दुपारच्या उन्हाने सर्दीची भीती अर्धी जाते. बाळंतशोपा, ओवा, शेक यांना विरोध करायचं कारण नाही. शेगडी बंद खोलीत मात्र नको, धुराने आई आणि बाळ दोघांना धोका आहे.

७. तेल, चहा आणि जेवणाची वेळ

“तेल जास्त वापरता का?” याचं उत्तर नेहमी ‘नाही’ येतं. “महिन्याला किती पाकिटं लागतात आणि घरात खाणारे किती?” याचं उत्तर खरं येतं. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. सहा जणांच्या घरात आठ पाकिटं येत असतील तर हिशोब त्यांच्याच तोंडून निघतो. सावजी रस्सा किंवा तर्री-पोहे बंद करा असं नागपुरात सांगणारा अजून जन्माला यायचाय. रविवारचं मटण राहू द्या. आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवा आणि ती रविवारपर्यंत पुरवा, एवढंच मागा.

चहाचं कोणी मोजत नाही. रात्री बाळ जागवतं, त्यामुळे दिवसाचे पाच-सहा कप होतात. कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी, आणि सोबत टोस किंवा बिस्किटाचा पुडा. चमचा हातात घेऊन साखर वाटीत काढून दाखवा. ती वाटी पाहिल्यावर बोलावं लागत नाही. लाल गोळी, म्हणजे लोहाची, चहासोबत घेतली तर वाया जाते. तासभर अंतर ठेवायला सांगा. ही गोळी बाळंतपणानंतर रोज एक अशी १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमही तेवढेच दिवस, पण दोन्ही एकाच वेळी नाहीत.

सर्वांत मोठी गोष्ट जेवणाची वेळ. सगळ्यांना वाढून सून तीन वाजता बसते. तोवर भाजी संपलेली, वरणाचं वरचं पाणी आणि भात उरलेला. तोच ती पोटभर खाते, त्यावर चहा, आणि पाच वाजता पुन्हा भूक. बारीक आणि जाड, दोन्ही बायकांच्या ताटाचा घोटाळा इथेच आहे. बाळ झोपलं की तिने आधी जेवायचं, एवढा एक बदल घरात झाला तर बाकीचा तक्ता नाही दाखवला तरी चालेल. सासऱ्यांच्या आधी सून जेवते ही गोष्ट काही घरांत उघड बोलता येत नाही. तिथे “डॉक्टरांनी गोळीची वेळ दिलीय, गोळीआधी जेवण लागतं” असं सांगून आशाताई मार्ग काढतात. मी त्याला खोटं म्हणत नाही.

ताटाचं साधं ठेवा: ज्वारीची भाकर किंवा पोळी, घट्ट वरण किंवा चवळी-मटकी, एक भाजी, हिवाळ्यात मेथी-पालक, एरवी अंबाडी-चवळाई, आणि भात शेवटी वाटीने. उन्हाळ्यात रंगीत सरबतं आणि बाटल्यांऐवजी माठातलं पाणी आणि ताक.

८. हालचाल

साधं बाळंतपण असेल तर घरातल्या घरात चालणं लवकरच सुरू करता येतं. सिझर झालं असेल तर ६ आठवड्यांची तपासणी होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत वाकणं, उचलणं, पोटाचे व्यायाम नकोत. पोटपट्ट्याने पोटावरची चरबी जात नाही. आधार वाटत असेल तर बांधू द्या.

पुढे जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते. वस्तीत ‘वॉकला जा’ म्हणणं हास्यास्पद आहे. सून एकटी फिरताना दिसली तर चार प्रश्न होतात. १०-१० मिनिटांचे तुकडे करा: गच्चीवर, विहाराच्या किंवा देवळाच्या आवारात, मोठ्या लेकराला अंगणवाडीत सोडताना लांबच्या रस्त्याने. दोघी-तिघी बाळंतिणींची जोडी लावून दिली की घरचेही सोडतात. नवतपा सुरू झाला की सकाळी ७ च्या आत किंवा अजिबात नाही.

९. किती, कधी, आणि वहीत काय लिहायचं

जास्त वजनाच्या आईला सहा आठवड्यांनंतर, दूध नीट सुरू असताना, महिन्याला दोन किलोपर्यंत उतरणं ठीक. त्याहून वेगाने उतरत असेल तर खूश होऊ नका, ती उपाशी राहतेय का ते पाहा. जुन्या वजनावर यायला सहा महिने ते वर्ष लागतं, हे घरच्यांनाही सांगा. बारीक आईचं वजन या काळात घसरू नये, एवढंच पहिलं लक्ष्य ठेवा.

एका भेटीत एकच बदल. वहीतली नोंद अशी दिसली पाहिजे: “वजन ६१.४. ठरलं: रात्रीच्या लाडवाऐवजी वरण. कोण करणार: सासू. अडचण: डाळ महाग, तूर-मसूर मिसळून.” पुढच्या भेटीत आधी हाच बदल विचारा, काटा नंतर काढा. ‘आहाराचे महत्त्व पटवून दिले’ असं वाक्य वहीत दिसलं की समजा त्या भेटीत काहीच झालं नाही.

१०. नेहमीचे सापळे

स्लिमिंग चहा, पावडर, बेल्ट विकणाऱ्या बायका वस्तीतल्याच असतात, कधीकधी नात्यातल्या. भांडू नका. डब्यावर अंगावर पाजणाऱ्या आईसाठी काय लिहिलंय ते वाचून दाखवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणा.

उपास. चतुर्थी, नवरात्र, रोजे. अंगावर पाजणाऱ्या आईला बहुतेक परंपरांत सूट आहे. तरी ती करणारच असेल तर साबुदाणा आणि बटाट्यावर दिवस काढू देऊ नका. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, फळं आणि भरपूर पाणी सांगा. रोजा असेल तर घरातल्या मोठ्या बाईशी किंवा मौलवींशी बोलायला सुचवा. तुम्ही धर्माचा निवाडा करायला बसू नका.

‘अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं’ असं वचन देऊ नका. काहींचं उतरतं, काहींना भूकच इतकी लागते की उतरत नाही. मग ती पाजणं सोडते. पाजण्याची कारणं बाळाकडे पुरेशी आहेत.

अंतरा, म्हणजे पाळणा लांबवण्याचं इंजेक्शन. काही बायकांचं त्याने वजन वाढतं आणि त्या कोणाला न सांगता पुढचा डोस चुकवतात, मग वर्षाच्या आत पुन्हा गरोदर. वजन वाढलं असेल तर सिस्टरकडे नेऊन तांबीसारखा दुसरा उपाय विचारा. मधे गॅप नको.

आधीचे-नंतरचे फोटो, ग्रुपवर टाकलेले आकडे, अंगणवाडीत सगळ्यांसमोर वजन: संस्थेने मागितलं तरी नाही म्हणा.

आणि माहेर. तुमची अर्धी नोंद इथेच तुटते. सून भंडारा, गोंदिया नाहीतर छिंदवाड्याकडे माहेरी जाते आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याच वजनाने परत येते. जाण्याआधीच्या भेटीत एमसीपी कार्डवर तारखेसह वजन लिहा, ठरलेला बदल एका चिठ्ठीवर लिहून कार्डात ठेवा, उरलेल्या गोळ्या मोजून सोबत द्या आणि माहेरच्या गावच्या आशाताईचा नंबर तिच्याच फोनमध्ये टाकून घ्या. त्या आशाताईला एक फोन तुम्हीही करा. तिच्या यादीत ही बाई नसते, त्यामुळे कोणी सांगितल्याशिवाय ती त्या घरी जाणार नाही.